समीकरणाची उजवी बाजू : स्थापत्यशास्त्रातील असमघाती अवकल समीकरणे

१. विषयप्रवेश

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला गणित शिकत असता ‘असमघाती एकघाती अवकल समीकरण’ हा शब्दसमूह भेटतो. तो उच्चारावयास कठीण आहे एवढ्यानेच त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. प्रत्येक शास्त्राला स्वतःची परिभाषा असते आणि ती प्रथमदर्शनी कठीणच वाटते. परंतु ज्या शब्दाने मूळ कल्पना उलगडण्याऐवजी झाकली जाते, त्याचा विचार भाषेच्या अभ्यासकाने करावयास हवा. प्रस्तुत लेखात हा शब्द स्थापत्य अभियांत्रिकीतील तीन प्रश्नांच्या आधारे तपासून पाहावयाचा आहे. पुलाची तुळई किती वाकेल, नदीचा पूर केव्हा व किती चढेल, आणि धरण किंवा पूल हादऱ्याने कसा हलेल, हे ते तीन प्रश्न होत. पहिल्या दोहोंसाठी नागपूरजवळच्या कन्हानपेक्षा अधिक सोयीचे उदाहरण शोधावयास नको. तिसऱ्यासाठी मात्र आपल्याला कोयनेपर्यंत जावे लागेल.

अवकल समीकरण म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. साध्या समीकरणात एखादी अज्ञात संख्या शोधावयाची असते. अवकल समीकरणात एक संपूर्ण फलन, म्हणजे बदलत जाणारी राशी, अज्ञात असते, आणि त्या राशीविषयी आपल्याला एवढेच ठाऊक असते की तिच्या बदलाचा वेग, त्या वेगाच्या बदलाचा वेग इत्यादींचा परस्परांशी अमुक संबंध आहे. बदलाच्या वेगास ‘अवकलज’ म्हणतात. मराठीत ‘विकलन’ आणि ‘अवकलन’ असे दोन्ही शब्द चालतात. येथे दुसरा स्वीकारला आहे. या शास्त्राला मराठीत आणण्याचे प्रयत्न जुने आहेत. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांनी त्यावर लिहिलेल्या पुस्तकाला ‘शून्यलब्धिगणित’ असे नाव दिले होते. पुढे खुद्द नागपूर मुक्कामी डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंच्या आधारे शास्त्रीय परिभाषेची प्रचंड रचना केली. म्हणजे या गावाला पारिभाषिक शब्दांची चर्चा नवी नाही.

२. ‘समघाती’ या शब्दाचे तीन अर्थ

‘घात’ म्हणजे राशीचा स्वतःशी गुणाकार. ज्या समीकरणाच्या प्रत्येक पदात अज्ञात राशी किंवा तिचा एखादा अवकलज नेमका एकदाच येतो, त्यातील सर्व पदांचा घात सारखाच, म्हणजे एक, असतो. म्हणून ते समघाती. त्यात अज्ञात राशीचा स्पर्श नसलेले एखादे पद आले की त्या पदाचा घात शून्य होतो. पदांची समता मोडते आणि समीकरण असमघाती ठरते. हे वेगळे पडलेले पद बराबर चिन्हाच्या उजवीकडे लिहिण्याचा प्रघात आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने शब्द निर्दोष आहे, हे मान्य केले पाहिजे.

अडचण अशी की इंग्रजीतील ज्या एका शब्दासाठी आपण ‘समघाती’ योजतो, तो तेथे निदान तीन अर्थांनी वावरतो. पहिला अर्थ वर सांगितला. दुसरा, पहिल्या कोटीच्या समीकरणांचा एक निराळाच वर्ग, ज्यात बदलाचा वेग केवळ दोन राशींच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. त्यालाही पाठ्यपुस्तके समघातीच म्हणतात. तिसरा अर्थ पदार्थविषयक आहे: जे काँक्रीट सर्वत्र सारख्या गुणाचे, ते ‘समांगी’ किंवा ‘एकजिनसी’. या तिसऱ्या अर्थासाठी मराठीने वेगळा शब्द राखून इंग्रजीपेक्षा अधिक नेमकेपणा दाखविला आहे. पहिल्या दोहोंची गल्लत मात्र आपण जशीच्या तशी उचलली. त्यामुळे एकाच पुस्तकाच्या दोन प्रकरणांत एकच शब्द दोन अर्थांनी वाचणारा विद्यार्थी गोंधळला, तर दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे.

परंतु यापेक्षाही मोठी उणीव दुसरी आहे. ‘असमघाती’ हा शब्द नकारात्मक आहे. समीकरणात काय नाही, एवढेच तो सांगतो. उजवीकडे आलेले ते पद कशाचे आहे, ते कोठून आले, याविषयी तो मौन बाळगतो. आणि स्थापत्यशास्त्रात तर सारा अर्थ त्या पदातच भरलेला असतो.

३. पुलाची तुळई

कामठी व कन्हान ही गावे कन्हान नदीने विभागलेली आहेत. नदीच्या उजव्या तीरावर १८२१ साली वसविलेली कामठीची छावणी, आणि डाव्या तीरावर कन्हान. दोहोंना जोडणारा ब्रिटिश अमदानीतील दगडी कमानींचा पूल प्रसिद्ध आहे. त्याच्या जोडीला आधुनिक पूल झाला आहे, आणि हावड्याकडे जाणारा लोहमार्गही या परिसरातच नदी ओलांडतो. दगडी कमान आपला भार दाबाने बाजूंच्या खांबांकडे ढकलते. आधुनिक पुलाची तुळई वाकून तो पेलते. या वाकण्याचे गणित लेओनार्ड ऑयलर व डॅनियल बर्नुली या अठराव्या शतकातील पंडितांच्या नावाने ओळखले जाते.

दोन खांबांवर नुसती टेकलेली एक तुळई कल्पावी. डाव्या टोकापासूनचे अंतर ‘क्ष’, त्या ठिकाणी तुळई खाली किती वाकली ते ‘य’, गाळ्याची लांबी ‘ल’, दर मीटर लांबीवरील भार ‘भ’ आणि तुळईची वाकण्याला विरोध करण्याची शक्ती, म्हणजे दृढता, ‘द’ मानू. दृढता दोन गोष्टींनी ठरते: पदार्थाची स्थितिस्थापकता आणि छेदाचा आकार. पाटी आडवी ठेवली तर वाकते आणि उभी धरली तर वाकत नाही, यामागचे कारण छेदाच्या आकारात आहे. तर समीकरण असे होते:

द × (य चा चौथा अवकलज) = भ

डावीकडे तुळई आहे, उजवीकडे तिच्यावरचे ओझे. ओझे शून्य मानले की समीकरण समघाती होते, आणि त्याचे उत्तर येते:

य = अ + ब·क्ष + क·क्ष² + ड·क्ष³

यात चार अनिश्चित स्थिरांक आहेत. या उत्तरास ‘पूरक फलन’ म्हणतात. भारावाचून ही तुळई कोणकोणते आकार धारण करू शकते, याची ती यादी होय. आता भार सर्वत्र सारखा असेल, तर उजव्या बाजूला शांत करणारे एक ‘विशिष्ट उत्तर’ सहज सापडते: भ·क्ष⁴ ÷ २४द. दोहोंची बेरीज म्हणजे पूर्ण उत्तर. उरलेले चार स्थिरांक टोकांच्या अटींवरून ठरतात: दोन्ही टोकांना तुळई खाली जात नाही, आणि दोन्ही टोकांना वाकविणारे परिबल नसते. हिशेब केल्यावर

य = (भ ÷ २४द) × (क्ष⁴ − २ल·क्ष³ + ल³·क्ष)

असे सूत्र मिळते, आणि गाळ्याच्या मध्यभागी वाक ५भ·ल⁴ ÷ ३८४द इतका येतो.

आकडे घालून पाहू. गाळा २० मीटर, तुळई ०.४ मीटर रुंद व १.२ मीटर उंच, काँक्रीटची स्थितिस्थापकता दर चौरस मीटरला ३ कोटी किलोन्यूटन आणि भार दर मीटरला ३० किलोन्यूटन घेतला, तर मध्यभागचा वाक सुमारे ३६ मिलिमीटर होतो. याच तुळईचा गाळा दुप्पट केला तर वाक दुप्पट होत नाही. लांबीचा चौथा घात असल्यामुळे तो सोळापट होतो. नदीत खांब उभारणे खर्चाचे व कष्टाचे असूनही त्यांची संख्या मनमानेल तशी कमी का करता येत नाही, हे या एका घातांकावरून स्पष्ट व्हावे.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. समीकरण एकघाती असल्यामुळे पुलाचे स्वतःचे वजन, डांबरी थराचे वजन आणि वाहनांचे वजन यांची उत्तरे स्वतंत्रपणे काढून त्यांची बेरीज करता येते. अभियंत्याच्या रोजच्या कामाचा फार मोठा भाग या सवलतीवर उभा आहे. परंतु ती सवलत सशर्त आहे. तडा गेला, पदार्थ त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला गेला, की डावी बाजूच बदलते व बेरीज चालत नाही. तसेच ‘टोके खाली जात नाहीत’ ही अट कागदावर एका ओळीत लिहिता येते. नदीत मात्र ती खांबाच्या पायाने पाळावयाची असते. पुराचे पाणी पायाखालची माती खरवडून नेऊ लागले की उजवी बाजू तसूभरही न वाढता उत्तर चुकू लागते. महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि प्रवाशांनी भरलेली वाहने प्रवाहात गेली. जुन्या पुलांच्या बाबतीत केवळ वरून जाणारे ओझे मोजून भागत नाही, पाण्याखालचा पायाही पाहावा लागतो, एवढा धडा प्रत्येक नदीकाठच्या गावाने या दुर्घटनेपासून घ्यावयास हवा.

४. नदीचा पूर

आता नदीकडे वळू. कन्हान ही सातपुड्यात, छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते, नागपूर जिल्ह्यातून वाहते आणि पुढे वैनगंगेला मिळते. कामठीच्या वरच्या अंगाला तिला कोलार व पेंच या नद्या येऊन मिळतात. पेंचवर मध्य प्रदेशात चौराईचे, आणि त्याखाली तोतलाडोह व नवेगाव खैरी येथील धरणे आहेत. म्हणजे कन्हान गावापाशी येणारे पाणी थोडे पावसाचे व थोडे धरणांच्या दरवाजांचे असते.

नदीचा एखादा लांब पट्टा म्हणजे एक हौद अशी कल्पना करावी. त्यातील साठा ‘स’, येणारे पाणी ‘आ’ आणि जाणारे पाणी ‘ज’. साठ्याच्या वाढीचा वेग म्हणजे आवक वजा जावक, हे उघडच आहे. आणखी असे माना की साठा जितका अधिक तितकी जावक अधिक, म्हणजे स = क × ज. येथे ‘क’ हा काळ आहे. पाणी त्या पट्ट्यात सरासरी किती वेळ रेंगाळते ते तो सांगतो. दोन्ही विधाने जोडली की

क × (ज चा अवकलज) + ज = आ

हे पहिल्या कोटीचे असमघाती समीकरण मिळते. पुन्हा तीच रचना दिसते: डावीकडे नदीचा स्वभाव, उजवीकडे तिच्यावर बाहेरून आलेले पाणी.

आवक थांबली तर उरते समघाती समीकरण. त्याचे उत्तर म्हणजे पूर ओसरण्याची रेषा: प्रत्येक ‘क’ तासांनी प्रवाह आपल्या पूर्वीच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येतो. आवक एकाएकी सुरू होऊन स्थिर राहिली, तर पहिल्या ‘क’ तासांत जावक तिच्या ६३ टक्क्यांपर्यंत, दुप्पट काळात ८६ टक्क्यांपर्यंत व तिप्पट काळात ९५ टक्क्यांपर्यंत चढते. समजा ‘क’ ६ तासांचा आहे, आणि कोरड्या पट्ट्यात दर सेकंदाला १,००० घनमीटर पाणी ६ तास येऊन मग बंद झाले. तर खालच्या टोकाला सर्वाधिक प्रवाह सुमारे ६३२ घनमीटर होईल, आणि आणखी ६ तासांनी तो २३३ वर येईल. वरचा लोंढा खाली येईपर्यंत बुटका पण लांबट होतो, असा नदीकाठच्या लोकांचा अनुभव असतो. समीकरण त्या अनुभवाला प्रमाण देते.

प्रत्यक्षात नदी इतकी सरळ नसते. पाणी काठाबाहेर पसरले की ‘क’ बदलतो, आणि भरतीच्या वेळचा साठा ओहोटीच्या वेळच्या साठ्याहून निराळा असतो. म्हणून अमेरिकेतील मस्किंगम नदीच्या नावाने ओळखली जाणारी पद्धती साठ्याचा संबंध आवक व जावक या दोहोंशी जोडते. तरीही मूळ रचना तीच राहते.

यात केवळ बौद्धिक कुतूहल नाही. २०२० च्या ऑगस्टच्या अखेरीस मुसळधार पाऊस झाला आणि धरणांतून मोठा विसर्ग सोडावा लागला. तेव्हा पेंच व कन्हान यांना आलेल्या पुराने पारशिवनी, कामठी व मौदा या तालुक्यांतील अनेक गावे वेढली. पुढे वैनगंगेचा पूर भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत पोहोचला. अशा प्रसंगी समीकरणाची उजवी बाजू वरच्या राज्यातील धरणावर लिहिली जात असते आणि तिचे उत्तर खालच्या राज्यातील घरांत येत असते. डाव्या बाजूतील ‘क’ आधी मोजून ठेवला असेल व उजव्या बाजूतील विसर्ग वेळेवर कळविला गेला, तर दोहोंच्या मधला काळ माणसे व गुरे हलविण्यासाठी मिळतो. यातील एक जरी गोष्ट नसली, तर उत्तम समीकरणही निरुपयोगी ठरते.

५. कंपन व भूकंप

तिसऱ्या प्रश्नात काळाबरोबर हालचाल येते. वस्तुमान ‘म’, संदमन (कंपन हळूहळू जिरविणारा विरोध) ‘न’, ताठरपणा ‘त’ आणि स्थानभ्रंश ‘उ’ घेतला, तर

म × (उ चा दुसरा अवकलज) + न × (उ चा पहिला अवकलज) + त × उ = बाह्य बल

हे समीकरण मिळते. उजवी बाजू शून्य असता रचना आपल्या नैसर्गिक लयीत हलून हळूहळू स्थिरावते. बाहेरचे बलही तालात येऊ लागले की मग दोन तालांचे गुणोत्तर महत्त्वाचे ठरते. संदमन ५ टक्के धरले आणि बाह्य बलाचा ताल रचनेच्या तालाच्या निम्मा असला, तर तेच बल स्थिर असता जितके हलवील त्याच्या १.३३ पट हलविते. दुप्पट असला तर केवळ ०.३३ पट, आणि दोन्ही ताल जुळले तर १० पट. यासच अनुस्पंदन म्हणतात. इंग्लंडमधील ब्रॉटन येथील झुलता पूल १८३१ साली सैनिकांच्या एकताल पावलांखाली कोसळला. तेव्हापासून पुलावर पाऊल मोडून चालण्याची लष्करी शिस्त रूढ झाली. छावणीच्या गावाला या नियमाचे मर्म सांगावयास नको.

येथे गणितातील एका नियमाचा अर्थ उलगडतो. उजव्या बाजूचे फलन जर डाव्या बाजूच्या पूरक फलनात आधीच असेल, तर विशिष्ट उत्तर शोधताना त्यास काळाने गुणावे, असे विद्यार्थी पाठ करतात. हा नियम पुष्कळांना हातचलाखीसारखा वाटतो. वस्तुतः तो अनुस्पंदनच सांगत असतो: बाहेरचे बल रचनेच्याच स्वभावातील ताल धरून आले आणि संदमन मुळीच नसले, तर कंपन काळाच्या प्रमाणात वाढतच जाईल.

महाराष्ट्रात या समीकरणाची अत्यंत कठोर परीक्षा ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर येथे झाली. भूकंपात दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. कोयनेचे १०३ मीटर उंचीचे काँक्रीट धरण टिकले, परंतु त्याच्या उंच भागांना, जेथे खालच्या अंगाचा उतार एकदम बदलतो त्या पातळीजवळ, तडे गेले. भूकंपात धरणाला कोणी बाहेरून ढकलीत नाही, जमीनच हलते. तरीसुद्धा जमिनीच्या सापेक्ष विचार केला, तर उजवीकडे ‘वजा म × जमिनीचा प्रवेग’ असे पद येते, म्हणजे भार बाहेरून आल्यासारखाच होतो. धरणाच्या संकल्पनात हा भार त्या काळच्या पद्धतीप्रमाणे वजनाच्या ५ टक्के इतका व सर्व उंचीवर सारखा, स्थिर, असा धरला होता. धरणातील यंत्रांनी नोंदविलेला कमाल प्रवेग मात्र गुरुत्वप्रवेगाच्या निम्म्याच्या आसपास व त्याहून अधिक होता.

यात दोन निराळ्या उणिवा आहेत. उजवी बाजू आकड्याने लहान धरली होती, ही एक. पण भार स्थिर मानल्याने समीकरणाच्या डाव्या बाजूतील दोन्ही अवकलज गळून पडतात व धरणाचा स्वतःचा ताल हिशेबातच येत नाही, ही दुसरी व अधिक खोल. धरणाचा माथा पायापेक्षा किती अधिक हलतो आणि ताण कोठे एकवटतो, हे अवकलज राखल्यावाचून कळत नाही. भूकंपानंतर धरणाच्या उंच भागांना मागून काँक्रीटचे आधार देऊन ते बळकट करण्यात आले. कोयनेची नोंद जगभरच्या धरण-अभ्यासकांनी या समीकरणांच्या पडताळ्यासाठी वापरली, आणि असे स्थिर भाराचे हिशेब उंच धरणांस पुरेसे नाहीत हे तिच्यामुळे ठळकपणे पुढे आले.

६. आत व बाहेर

उजव्या बाजूस काय लिहावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. अमेरिकेतील टॅकोमा येथील झुलता पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी वाऱ्याने पिळवटून पडला. पुष्कळ पुस्तकांत तो अनुस्पंदनाचे उदाहरण म्हणून दिलेला असतो. पण वारा त्या दिवशी पुलाच्या तालात झुळका मारीत नव्हता. पुलाची हालचालच वाऱ्याच्या दाबाला तसे वळण देत होती व तो दाब हालचाल वाढवीत होता. बल जेव्हा अज्ञात राशीवरच अवलंबून असते, तेव्हा ते पद उजवीकडून डावीकडे जाते. समीकरण समघाती होते, आणि संदमनाचे चिन्हच उलटते. बाहेरचा भार नाहीसा झाला, आणि संकट मात्र स्वभावात शिरले. ‘समघाती म्हणजे निर्धोक’ अशी समजूत करून घेणाऱ्याने हे उदाहरण विसरू नये.

७. समारोप व एक सूचना

तिन्ही प्रश्नांत एकच घडण दिसून आली. डावी बाजू वस्तूचा स्वभाव सांगते. उजवी बाजू तिच्यावर आलेली परिस्थिती. पूरक फलन हे स्वभावाचे उत्तर, विशिष्ट उत्तर हे परिस्थितीचे, आणि प्रत्यक्षात घडते ती दोहोंची बेरीज. व्याकरणाशी परिचित असलेल्या वाचकांना येथे प्रकृती व प्रत्यय यांची आठवण व्हावी. धातू एकच राहतो, त्याला लागणारा प्रत्यय बदलतो, आणि सिद्ध होणारे रूप दोहोंना अनुसरते.

म्हणून प्रस्तुत लेखकाची सूचना अशी की निदान स्थापत्यशास्त्राच्या अध्यापनात ‘असमघाती’ या शब्दाच्या जोडीला ‘सभार समीकरण’ आणि ‘समघाती’च्या जोडीला ‘निर्भार समीकरण’ हे शब्द वापरून पाहावेत. शुद्ध गणितात जुने शब्द राहोत. तेथे भाराचा प्रश्न नाही. परंतु ज्याला पूल बांधावयाचा आहे त्याच्या कानावर पहिल्याच दिवशी ‘सभार’ हा शब्द पडला, तर बराबर चिन्हाच्या उजवीकडे पाहताच तो आपणहून विचारील: हा भार कोणाचा, किती, कायमचा की येणारा-जाणारा, आणि तो खरोखर बाहेरचा आहे काय? हे चार प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर सूत्र विसरले तरी चालेल; ते पुस्तकात पुन्हा सापडते. भार मोजावयाचा राहून गेला, तर तो मोजण्याचे काम नदी किंवा धरणीकंप करतो, आणि त्याची किंमत ज्यांनी समीकरण कधी पाहिलेही नाही अशा माणसांना द्यावी लागते.